शांताचा अपमान, पद्मजाताईची तक्रार

नैरोबी,
ता. १४ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप पद्मजाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी लेकीच्या घरी सुखरूप पोचले. चि. राधाला सातवा लागला आहे. तब्येत उत्तम, पण जावईबापू हेरंबराव तिला एकटीला जिना उतरू देत नाहीत.

विमानात मला खिडकीजवळची जागा मिळाली. कान दुखू नयेत म्हणून लिमलेटच्या गोळ्या देतात. वरून समुद्र इस्त्री केल्यासारखा दिसतो. ताईला दाखवायला हवा होता, असं सारखं मनात येत होतं. खोटं कशाला सांगू, बरंही वाटत होतं. जन्मात एक तरी गोष्ट मी तुझ्या आधी केली!

पण निघताना मुंबईच्या विमानतळावर जे झालं ते कुणाला सांगू नकोस. तपासणीच्या टेबलाशी एका अधिकाऱ्याने माझी ट्रंक उपसली. मग सगळ्यांदेखत मला अंबाडा सोडायला लावला. बायका त्यात दागिने लपवून नेतात म्हणे. राधाच्या ओटीसाठी तू दिलेला नारळ त्याने कानाशी धरून हलवला आणि फरशीवर आपटला. पाणी माझ्या पातळावर उडालं. आत खोबरंच होतं. ओटीचा आहे हो, असं मी म्हणाले, तर तो हसून पुढे व्हा म्हणाला. तशाच मोकळ्या केसांनी मी विमानाच्या शिडीपर्यंत गेले.

इथे मोंबासाचा नारळ मिळाला. तो तुझा म्हणून सांगून राधाची ओटी भरली. तक्रार मात्र करू नकोस. मला तिथूनच परत यायचं आहे.

तुझी,
शांता


गिरगाव,
ता. २२ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. शांता हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला खिडकीचा आणि लिमलेटचा मजकूर मी वाचला नाही. म्हणजे दोनदा वाचला. राधाला पाढे मी शिकवले, गोवरात तिच्या उशाशी मी बसले, आणि विमानाचं तिकीट आईला. असो. आई तू आहेस, त्याला माझा इलाज नाही.

पण नारळ माझा होता. वेंगुर्ल्याहून मागवला, शेंडी राखून सोलून घेतला. तो एक सरकारी नोकर फरशीवर फोडतो, आणि तू मोंबासाच्या नारळाला माझं नाव देऊन मोकळी होतेस! मला विचारलंस?

तिथे तू गप्प राहिलीस, हे तुझं नेहमीचं. मी असते तर त्याला जागच्या जागी सरळ केला असता. पण मी कुठली असायला! इथे मुंबई आपल्याला मिळावी म्हणून पोरं लाठ्या खातात, आणि आपल्याच मुंबईत आपण केस सोडून उभं राहायचं? मी तक्रार लिहिते आहे. इंग्रजीत. कॉन्व्हेंटातल्या नन्सनी छडी मारून शिकवलेलं इंग्रजी निवृत्तीनंतर तरी कामाला येऊ दे.

तुझी ताई,
पद्मजा


गिरगाव,
ता. १२ डिसेंबर १९५८

चि. सौ. शांता हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काम फत्ते. तक्रार वाचून विमानतळावरून बोलावणं आलं, टॅक्सी करून गेले. उतरणारी विमानं पाहिली. तुझं वर्णन अगदीच तोकडं होतं.

मोठ्या साहेबाने मलाच ती प्रवासी समजून खुर्ची दिली. मी बसले. नाव विचारलं तेव्हा तुझं सांगितलं. मग त्या अधिकाऱ्याला आत बोलावलं. त्याने माझ्याकडे पाहून मान खाली घातली. गंमत म्हणजे, तू की मी हे त्याला ओळखताच आलं नाही! अंबाड्याची हकीगत मी अशी सांगितली, की माझं मलाच रडू आलं. तो सॉरी म्हणाला. मी म्हटलं, मुंबईत आहात, मराठीत बोला. तेव्हा हात जोडून, शांताबाई, क्षमा करा, असं म्हणाला. साहेबाने चहा मागवला, बिस्किटंही.

विमानात बसायचं तेवढं राहिलं. बाकी सगळं मी केलं!

तुझी ताई,
पद्मजा


नैरोबी,
ता. २३ डिसेंबर १९५८

तीर्थरूप पद्मजाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र राधाने मोठ्याने वाचलं. मग नारळाचंही मला सांगावं लागलं, तर ती वाईट वाटून न घेता हसली. हेरंबरावांनी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणजे मावशी, असं दोघंही म्हणाली. मी उठून आत गेले.

लहानपणी माझं पोट दुखलं तरी डॉक्टरांना कुठे दुखतं ते तू सांगायचीस. आता हेही तूच घेतलंस. केस माझे सुटले, पातळ माझं भिजलं, आणि रडू तुला आलं. क्षमा तुझ्यापुढे मागितली. चहा तू प्यालीस.

त्याला तू की मी ते कळलं नाही, हे तू गंमत म्हणून लिहितेस. मला ते वाचून रात्रभर झोप नाही. म्हणजे त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. मग ताई, त्याने क्षमा कुणाची मागितली?

तक्रार नको, असं मीच लिहिलं होतं. भ्याले होते. आता भीत नाही. बाळंतपण आटोपून मार्चमध्ये येईन तेव्हा त्याला शोधून त्याच्यासमोर उभी राहणार आहे, आणि शांता ती मी, असं सांगणार आहे. तुझं खोटं उघडं पडलं तर पडू दे, तू इंग्रजीत निस्तर.

मला घ्यायला जरूर ये. पण घ्यायला आलेली माणसं थांबतात, तिथे कठड्याबाहेर थांब. आत मी एकटी जाईन.

राग आहे तो राहू दे, आणि लोभही.

तुझी,
शांता