मशीनला लावलेलं कुंकू

माय, तू ज्या मिलमध्ये जन्मभर डाळ निवडलीस, तिथून मला काढलं. मला एकटीला नाही, निवडायला बसणाऱ्या सगळ्या बायांना. आता तिथं कॅमेऱ्याचं मशीन आहे. वरून डाळ पडते, कॅमेऱ्याला काळा दाणा दिसला की हवेचा झोत येतो आणि दाणा बाजूला उडतो. काम चांगलं करतं, खोटं कशाला बोलू?

मशीन आलं त्या दिवशी शेठ म्हणाले, "सगळ्यात जुन्या बाईच्या हातानं पूजा होऊ द्या." जुनी मीच. मी कुंकू लावलं, नारळ फोडला, मुकादमानं मोबाइलवर फोटो काढला. तेव्हा तूच डोळ्यांपुढे होतीस. मी शाळेत जायच्या वयाची, स्वयंपाकघरात सुपाला पाय लागला, तर चुलीपुढून उठून तू धपाटा घातलास आणि तुझ्या माहेरच्या बोलीत म्हणालीस, "आपलं पोट शे ते. पाया पड." तेव्हापासून कामाची वस्तू दिसली की हात आपोआप कपाळाला जातो. शेठनी पेढे वाटले, आम्ही ते घरी पोरांना नेले. थोड्याच दिवसांत मुकादम फाटकावर आडवा उभा राहिला. म्हणे, काम निघालं की बोलावू. अजून बोलावतोच आहे मेला.

धुळ्याकडची एक वकीलबाई आमची केस लढते. तुझ्या माहेरचं बोलते, म्हणून मला तिचं पटकन समजतं. ती सांगते, मशीन आणून माणसं कमी करायची तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. इतकी वर्षं राबलेल्या बाईला भरपाईशिवाय घरी बसवता येत नाही. आणि पुढं माणसं घ्यायची झाली तर आधी काढलेल्यांना विचारायचं. मला भरपाई नकोच असं नाही, पण मला काम हवंय. घरात बसून मी कोणाची डाळ निवडू?

काल जळगावच्या कोर्टात उभी राहिले. शेठच्या वकिलानं तो फोटो पुढं केला.

"ह्या तुम्हीच ना?"

"मीच."

"पूजा स्वखुशीनं केली?"

"पूजा काय कोणी जबरदस्तीनं करतं?"

आमच्या वकीलबाईनं डोळे मिटले. तो म्हणतो, बघा साहेब, बायांना सगळं ठाऊक होतं, कोणाची तक्रार नव्हती. वाटलं, कुंकवाच्या एका बोटानं सगळ्यांची केस बुडवली मी. मग जज्जसाहेबांनी मलाच विचारलं, मशीन आल्यावर तुमचं काम जाईल, हे कोणी सांगितलं होतं का?

"सांगितलं असतं साहेब, तर नारळ मी फोडला असता का?"

साहेबांनी त्या वकिलाकडे नोटिशीची प्रत मागितली. त्यानं कागद चाळले आणि मुदत मागितली. पुढची तारीख पडली. बाहेर चहा पिताना वकीलबाई म्हणाली, मावशी, पूजा म्हणजे नोटीस नव्हे, घाबरू नका. पण निकाल काय लागेल ते तीही सांगत नाही.

तुला वाचता येत नव्हतं आणि हे पाठवायलाही जागा नाही, म्हणून इथंच सांगून टाकते. कोर्टात बोलले ते अर्धंच खरं होतं. आधी सांगितलं असतं तर मी शेठशी कडाकडा भांडले असते, नारळ त्यांनाच फोडायला लावला असता. कुंकू मात्र मी लावलंच असतं.