अण्णांच्या गाण्यातली ठपठप

१ मार्च, रवि.
कॅसेट गेली. अण्णांच्या गाण्याची ती एकच होती. संगणकावर एकदा पूर्ण उतरली, हौसेने परत लावली तर टेपने फीत खाल्ली. नशीब, फाइल आहे. १५ला अण्णांना जाऊन वर्ष होईल, पहिलं पुण्यानुमोदन. आईला मोबाइल नको. “त्यात माणूस लई लांबनं बोलतंय.” डोळे अधू झाल्यापासून तिला तिचा सीडी प्लेअरच बरा, बटणं हाताला ठाऊक. म्हणजे सीडीच करायची. चांगली झाल्याशिवाय तिला ऐकवायची नाही.

५ मार्च, गुरु.
ऑफिसातून येऊन पहिली सीडी बर्न केली. प्लेअरला हेडफोन लावून ऐकली. अण्णांच्या आवाजामागे ठप... ठपठप. संगणकाच्या टीचभर स्पीकरवर हे नव्हतं. म्हणजे बर्न करतानाच बिघडतंय. वेग कमी केला. तेच.

७ मार्च, शनि.
दुसऱ्या कंपनीच्या सीड्या आणल्या. दुकानदार हसला, “दीदी, अब सीडी कौन सुनता?” प्लेअरची लेन्स पुसली. सगळ्यात कमी वेग. ठपठप जागच्या जागी. कपाळ फुटकं, दुसरं काय. अण्णा गेले, कॅसेट गेली, आवाज उरला तोही धड नाही.
मावशीने मंगळवेढ्याहून ज्वारी पाठवलीय, गच्चीवर वाळत घातली. पारवे फार. बिघडलेल्या सीड्या दोऱ्यात ओवून तिथे टांगल्या. तेवढ्या तरी कामी आल्या.

१० मार्च, मंगळ.
जमलं! खालचे जाड आवाज कापायची सोय संगणकात होतीच, मलाच माहीत नव्हती. ठपठप साफ. अण्णा जरा पातळ वाटतात, पण चालेल. जुन्या फाइलवरच सेव्ह करू का, विचारलं त्याने. हो म्हटलं.

१४ मार्च, शनि.
आईला ऐकवली. प्लेअरवर तळहात ठेवून शेवटपर्यंत ऐकली. मला वाटलं रडेल.
“आवाज त्यांचाच हाय. पर माझ्या भाकरी कुटं गेल्या?”
मला कळेना.
“अगं, गाणं भरायला टेप चुलीपाशीच लावायचे की. मी थापायची, त्या ठेक्यावर म्हनायचे. ढोलकीवाला न्हाय आला तर न्हाय, तू थाप, म्हनायचे.”
मग हळूच, “तू काढलंस व्हय?”
रागावली असती तर बरं झालं असतं. मी इतके दिवस आईलाच पुसत होते. जुनी फाइल नाही, कॅसेट नाही. मीच मेले असते तर बरं...

१५ मार्च, रवि.
उजाडताच गच्ची. ठपठप आता फक्त टांगलेल्या सीड्यांतच. पण आठवडाभर उन्हात, वाऱ्याने एकमेकींवर आपटून ओरखडल्यात. त्यातल्या त्यात बरी एक सोडवली, धुतली, अण्णांच्या जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली. पाहुणे यायला लागलेत. विहारातून भन्तेजी निघालेत म्हणे. आई प्लेअरपाशी बसलीय.
“आण की. न्हाय वाजली तर मी थापती.”
तिच्या मनगटात आता बळ नाही. वर्षभर भाकरी मीच करते.
दोनदा हाक मारली तिने. सीडी मांडीवर आहे, आणि मी हे लिहीत बसलेय, कारण लावायचा धीर होत नाही.