गादीचा लेख कोणी लिहिला?

सोमवार, ५ जानेवारी २०२६

डोकं फिरायची वेळ आली! सुगरणीच्या घरट्यावरचा माहितीचा लेख सहावीला आठवडाभर वाचून दाखवला. लेखक आधी नुसता बघत कसा बसला, मग क्रमाने कसं सांगितलं, कारण कुठे दिलं — सगळं फोडून समजावलं. म्हटलं, आता याच पद्धतीने तुम्ही लिहा. घरात रोज जे होतं त्यावर. तर इरफानने पक्षी काढून म्हैस घातली, बाकी जसंच्या तसं. त्याची म्हैस बाभळीला उलटी लटकून चोचीने गवत विणते! आणि अर्धा वर्ग त्याच वाटेने.

शिक्षकखोलीत गोपाल सर म्हणाले, 'नमुना दिला की पोरं नक्कलच करणार, बाई. मी तर सरळ निबंधच फळ्यावर लिहून देतो.' आणि हसले. यांचं हसणं मला कधीच आवडलेलं नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

एक लेख मात्र वेगळा निघाला. शिरीनचा. निजाम पिंजारीची मुलगी, वर्गात तोंड उघडत नाही. मथळा — 'गादी कशी भरतात'. त्यात लिहिलंय, 'अब्बा कापूस मुठीत दाबून सोडतो. फुलून वर आला तर वाळला. दबूनच राहिला तर अजून ऊन हवं. मग सरकी शोधतो. एक जरी सरकी राहिली तरी झोपणारा त्या जागी रोज कूस बदलतो.'

हे सहावीतली पोर लिहील? घरात आणि गल्लीत सगळं अहिराणी, 'शे' आणि 'नही', आणि कागदावर एवढं घोटीव मराठी? कुठेतरी पाणी मुरतंय.

शुक्रवारी तालुक्याच्या लेखनस्पर्धेला शाळेतून एकच लेख जायचाय. मोठ्या बाई वाचून म्हणाल्या, 'हाच पाठवा, किती सुंदर!' पाठवला आणि तिथे चोरी पकडली गेली, तर तोंड काळं कोणाचं? माझंच.

बुधवार, ७ जानेवारी

गोपाल सर शिरीनच्याच गल्लीत राहतात! आज कळलं. मधल्या सुट्टीत ती त्यांच्याशी बोलत होती. मी जवळ गेले तर दोघं गप्प. आता बोला!

संध्याकाळी उशी भरायचं निमित्त काढून निजामच्या दुकानात गेले. गोडीगोडीने विचारलं, लेख कोणी सांगितला हो तिला? त्याचा हात थांबला. 'मन्ही पोर खोटं बोलस नही, मॅडम. दुकानमा बसस, देखत ऱ्हास. तिलेच इचारा ना.'

बापालाही पढवून ठेवलेलं दिसतंय. उशी मात्र छान भरून दिली.

गुरुवार, ८ जानेवारी

आज सोक्षमोक्ष लावला. शिरीनला रिकाम्या वर्गात समोर बसवलं, कोरा कागद दिला. 'काहीही लिही. पण माझ्यादेखत.'

अख्खा तास गेला — एक ओळ नाही! नुसती माझ्याकडे टक लावून बसलेली. शेवटी मी चिडले. 'खरं सांग, कोणी लिहून दिलं?'

'मीच लिहिलं, बाई.'

किती वेळा विचारलं, उत्तर तेच. रडणं नाही, घाबरणं नाही. निगरगट्ट पोर! जाताना विचारते कशी, 'कागद घरी नेऊ?' म्हटलं, ने बाई, ने.

तिचं नाव काढलं. चांदनीचा पापडांवरचा लेख पाठवते. बेताचाच आहे, पण निदान तिचा आहे.

घास गेला नाही आज. का, कोण जाणे. मी चुकलेले नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

शिरीनने सकाळी टेबलावर कागद ठेवला आणि गुपचूप जागेवर जाऊन बसली. मथळा — 'बाई संशय कसा घेतात'.

'आधी बाई दार लावतात. मग जुना लेख उजेडाकडे धरून उलटासुलटा बघतात. मग माझी बोटं बघतात. पेनाचं टोपण काढतात, लावतात, काढतात. मग म्हणतात, खरं सांग. खरं सांगितलं की परत म्हणतात, खरं सांग. कारण त्यांना हवं ते उत्तर अजून आलेलं नसतं.'

त्या वर्गात आम्ही दोघीच होतो.

लाज वाटली. फार. सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. तालुक्याला हाच लेख पाठवला. मोठ्या बाई दचकल्या — 'अहो, यात तर तुम्ही आहात!'

म्हटलं, हो. मीच आहे.