हलक्या गिटारचा तोल

माय, मी नवी गिटार घेतली. तू होतीस तोवर गिटार कधी पाहिली नाहीस, म्हणून आधी तेच सांगतो. सहा तारांचं लाकडी वाद्य आहे, पट्ट्याने खांद्याला अडकवून उभ्याने वाजवायचं. माझ्या गिटारचा आवाज विजेवर निघतो, वायर लावली नाही तर शेजारच्या माणसालाही नीट ऐकू येत नाही. इथे गोंदियाजवळ कुडव्याला आमच्या विहाराचं गायन मंडळ आहे, त्यात मी कितीतरी वर्षं वाजवतो. जुनी गिटार भरीव लाकडाची होती, पाटासारखी जड. लाकूड जड तर सुरालाही वजन, अशी माझी पक्की समजूत. दिवसभर दुकानात मोटारींचं वायंडिंग करायला वाकायचं आणि संध्याकाळी ते ओझं एका खांद्यावर घ्यायचं. पन्नाशी जवळ आली तशी पाठ धरू लागली.

मागच्या जयंतीच्या मिरवणुकीत तर दुसऱ्याच गाण्याला मी वाकलो तो सरळ होईना. मंडळाच्या लोकांनी मला टेम्पोत चढवलं आणि जनरेटरच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. खाली निळे झेंडे, पांढऱ्या लुगड्यांतल्या आयाबाया, सगळे पायी चाललेले, आणि मी वर नवरदेवासारखा. गावच्या मिरवणुकीत तू चपला विहाराच्या पायरीशी काढून ठेवायचीस आणि शेवटपर्यंत अनवाणी चालायचीस. त्या खुर्चीवर माझी बोटं चालत होती, पण मन लागत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उभ्याने वाजवणं सोडा. तुझी सून म्हणाली, "गिटारचं वजन कमी होत नसन, तर पोटाचं करा." दोघांचंही खरंच होतं. पण मला यंदा सगळ्यांबरोबर चालायचं होतं.

म्हणून गोंदियाच्या बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो आणि सगळ्यात हलकी गिटार मागितली. दुकानदाराने एक काढून दिली. हातात घेतली तर सुपासारखी. मी ती गळ्यात अडकवून दुकानातच चालू लागलो, काउंटरपासून दारापर्यंत, दारापासून काउंटरपर्यंत. मग बाहेर फुटपाथवरही एक फेरी मारली.

"भैया, गिटार ले रहे हो कि जूते?" दुकानदार म्हणाला.

"चलते चलते बजाना है, सेठ."

"तो कुडवा तक होके आओ. तब तक हम चाय मंगाते हैं."

चहा खरंच आला. तो पिताना मी गिटारवरून दोन्ही हात काढले, तर तिची मान खाली गेली. धरली की वर, सोडली की खाली. धड इतकं हलकं होतं की लांब दांडीच जड झाली होती. वाजवणाऱ्या डाव्या हातानेच तिला उचलून धरावं लागत होतं, आणि तेवढ्यात माझा डावा खांदा भरून आला होता. "आदत हो जाएगी," दुकानदार म्हणाला. मीही मान डोलावली आणि खिशात हात घातला. आणि माय, तिथे तू आठवलीस.

चिचगडच्या जंगलातून आपण दोघं येतो आहोत. तुझ्या डोक्यावर लाकडांची मोळी, मागे मी. तुझी मान पाहून मला वाईट वाटतं आहे. नाल्यावर तू मोळी उतरवून पाणी प्यायला वाकतेस, तेवढ्यात मी मोळीच्या पुढच्या टोकाची जाड लाकडं ओढून झुडपात टाकतो. तू मोळी डोक्यावर घेतेस, चार पावलं चालतेस आणि मोळी मागे लवंडते. तू मानेनेच ती सावरतेस, वाकडी होतेस, मग खाली टाकून माझ्याकडे पाहतेस.

"काऊन काढलास रे लाकडं?"

"तुले जड होते मून."

"मान मोडतोस का माही? जड चालते, लटकलेलं नाही चालत. जा, आन ती लाकडं."

मी रडवेला होऊन लाकडं आणली. तू ती एकेक करून जागेवर खोचलीस, मोळी पुन्हा आवळलीस. त्यातलं एक जाड लाकूड मात्र बाजूला ठेवलंस, माझ्या डोक्यावर दिलंस आणि हसायला लागलीस. "दया आली न माही? मंग हे तू घे." गाव येईपर्यंत तू अधूनमधून मागे वळून पाहत होतीस आणि हसत होतीस.

मी खिशातला हात बाहेर काढला आणि दुसरी गिटार मागितली. ती पहिलीपेक्षा थोडी जड आहे, जुनीपेक्षा बरीच हलकी. आतून लाकूड कोरून पोकळी ठेवली आहे. हात सोडले तरी जिथल्या तिथे आडवी राहते. "वो तो इससे हल्की थी," दुकानदार म्हणाला. मी म्हणालो, "थी, पर गिरती थी." वर रुंद चामडी पट्टाही घेतला. घरी आणून वायर लावली, पहिला सूर काढला, आणि माझी इतक्या वर्षांची समजूत गेली. आवाज भरदार निघाला आणि जुनीपेक्षा मोकळाही. तुझी सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता झोपू द्याल का नाही दुपारचं?"

काल जयंती झाली. विहारात वंदना घेतली, गिटार गळ्यात घातली आणि टेम्पोच्या मागे लांब वायर धरून चालू लागलो. वायर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून आमची गायिका ती हातात गोळा करत चालत होती आणि म्हणत होती, "भाऊ, तुम्हाले चारायले नेऊन राहिली असं वाटते." सगळा रस्ता हसत गेला. विहारापासून चौकापर्यंत आणि परत, मी एकदाही टेम्पोत चढलो नाही. खाली, लोकांच्या अंगाला अंग लागत असताना, तीच गाणी वेगळी वाजतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तेवढं खरं लिहितो. रात्री तुझ्या सुनेने विचारलं, पाठ कशी आहे? मी म्हणालो, काहीच नाही. माय, थोडी दुखते आहे. पण त्यात गिटारचा दोष नाही. चौकात बायांनी फेर धरला, आणि शेवटच्या गाण्याला मी गिटार गळ्यात ठेवूनच त्यांच्यात नाचलो.