सतराव्या पानावरचे नव्वद दिवस

आर्णी,
मंगळवार, दुपार

प्रिय विजू,

दीड वर्षानं तुला लिहिते आहे. फोन करता आला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी ऊन-पावसाचं बोलत बसेन आणि सांगायचं ते राहून जाईल. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली, एकदा उगाच बसस्टँडपर्यंत जाऊन आले. आता दाराला कडी लावून बसले आहे.

तू वर्ध्याला लेकीकडे गेलीस त्यानंतर आपली कायद्याच्या माहितीची पुस्तिका छापून झाली. पाचशे प्रती. ‘आपली बाजू आपणच मांडू या’ हे नाव तुझंच, तेच ठेवलं. शाळांनी नेली, ग्रामपंचायतींनी नेली. अपेक्षा नावाच्या एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवला होता. तिच्या आईनं आपल्या पुस्तिकेतला नमुना पाहून अर्ज लिहिला आणि चार दिवसांत दाखला हातात आला. पेढे घेऊन आल्या दोघी. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण त्यासाठी कुणी कधी पेढे आणले नव्हते. मी हुरळून गेले, विजू. लोक मला वकीलबाई म्हणू लागले आणि मी कुणाला थांबवलं नाही.

मग धनीबाई आली. तांड्यावरची, पन्नाशीची. प्रौढ वर्गात वाचायला शिकली, अजून ओळीखाली बोट धरून वाचते. बापाच्या शेतातल्या हिश्शासाठी तिनं भावांवर दावा लावला होता. तिचा वकील मध्येच गाव सोडून गेला, तेव्हा पुस्तिका पिशवीत घालून ती एकटीच तारखांना जायची. खालच्या कोर्टात निकाल तिच्या विरुद्ध गेला. ती रडली नाही की कुणाकडे धावली नाही. सतरावं पान काढलं, जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत पाहिली, निकालाची नक्कल मागून ठेवली आणि आधी कापसाची वेचणी उरकली. ऐंशीव्या दिवशी ती यवतमाळला गेली. तिथं खिडकीवरच्या माणसानं कागद पाहून सांगितलं, बाई, मुदत तीस दिवसांची होती, नक्कल मिळायला लागलेले दिवस सोडले तरी ती केव्हाच संपली.

तिथून ती घरी न जाता थेट माझ्याकडे आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, “बाई, मी तं रोजचा एक दिवस मोजून राह्यली होती. इथं नव्वद लिवलं हाये. मंग चुकलं कोनाचं?”

आवाज चढवला नाही तिनं. खरंच विचारत होती. नव्वद दिवस उच्च न्यायालयाचे, तीस जिल्हा न्यायालयाचे, हे तुला मी काय सांगू! दोन ओळींतले आकडे इकडचे तिकडे झाले होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, छापखान्यात गडबड झाली असेल.

धनीबाई दुसऱ्या दिवशी गोपालच्या छापखान्यात जाऊन त्याला चार माणसांदेखत बोलून आली. गोपालनं खाली मान घालून ऐकून घेतलं. तो माझा विद्यार्थी. त्यानंतर रस्त्यात दिसला तर नेहमीसारखाच नमस्कार करतो, आणि मी पलीकडच्या फुटपाथवर जाते.

गेले तीन आठवडे मी एसटीनं फिरते आहे. राळेगाव, ढाणकी, जिथं जिथं पुस्तिका गेली तिथं जाऊन सतराव्या पानावर लाल पेनानं तीस लिहिते. तीनशे एकतीस प्रती सापडल्या. बाकीच्या कुणाच्या घरात आहेत, कोण त्यावर विसंबून दिवस मोजत बसलं आहे, हे मनातून जात नाही. जेवताना उठते. बसमध्ये शेजारच्या बाईच्या पिशवीत डोकावून पाहते.

यवतमाळला विधी सेवा प्राधिकरणानं धनीबाईला वकील दिल्या, केतकी नावाच्या. त्यांनी अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज केला आहे. पुढच्या शुक्रवारी सुनावणी आहे. चूक पुस्तिकेत होती असं माझं शपथपत्र त्यांना हवं आहे. कच्च्या मसुद्यात त्यांनी मी सांगितलेलंच लिहिलं, ‘मुद्रणदोषामुळे’. मी त्यांना विचारलं, चूक वेगळ्या कारणानं झाली असेल तर? त्या म्हणाल्या, धनीबाईला त्यानं काही फरक पडत नाही, तिनं पुस्तिकेवर विश्वास ठेवला एवढं पुरे. तुम्ही कशाला खोलात जाता?

विजू, गोपालनं मी दिलं तेच छापलं. तू तपासलेली प्रत छपाईच्या आठ दिवस आधी मला पोचली होती. सतराव्या पानावर तू दोन्ही आकड्यांभोवती गोल करून बाण काढले होते. पण त्याआधी, पहिल्याच पानावर, तू लिहिलं होतंस, ‘कुंदा, शिकवणं वेगळं आणि कोर्ट वेगळं. घाई करू नकोस.’ अठ्ठावीस वर्षं कोर्टाच्या कचेरीत काढलेल्या बाईनं लिहिलं होतं ते, आणि मला ते लागलं. मी सगळी पानं पाहिली, सतरावंही. हिला काय एवढं कळतं, म्हणत गठ्ठा कपाटात टाकला आणि माझीच प्रत गोपालला दिली. तू फोन केलेस ते उचलले नाहीत. प्रत टपालात हरवली असंच तू समजत असशील. मीही तसंच समजू दिलं.

मसुदा मी फाडला. नव्यात लिहिलं आहे, ‘दुरुस्ती मला वेळेत मिळाली होती. मी ती वाचली आणि बाजूला ठेवली.’ एवढ्याला चार दिवस लागले. काल गोपालकडे जाऊन त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “मले मालूम होतं, मॅडम,” आणि यंत्राकडे वळला. धनीबाईला उद्या सांगणार आहे. पण दुरुस्ती कुणी केली होती, ते शपथपत्रात लिहावं लागेल, आणि तुला न विचारता तुझं नाव कोर्टाच्या कागदावर घालायचं धाडस आता माझ्यात नाही. ते घालू का, पुढच्या गुरुवारपर्यंत कळव. नाही म्हणालीस तरी ती दोन वाक्यं तशीच राहतील.

माफ कर असं लिहून पुन्हा खोडलं आहे. ते समोर येऊनच म्हणेन, तू येऊ देशील तेव्हा.

तुझीच,
कुंदा