खिडकीच्या खाटेची ओ

१ सप्टेंबर, सोमवार

आले बाई एकदाची कॉलेजात! चौथीत सुटलेली शाळा, आणि आज ट्रंक घेऊन फाटकातून अशी ऐटीत शिरले की पहारेकरी उठूनच उभा राहिला. नोकरी मुलींच्या वसतिगृहात, बटाटे सोलायची. पण कॉलेज ते कॉलेज!

ही वही नातीनं दिली. म्हणाली, आजी, आता कॉलेजात राहतेस, रोज काहीतरी लिहायचं. मी तिला चिमणी म्हणते. चारचौघांत म्हटलं की फणकारते. तिची आई गेली तेव्हा ती रांगत होती, तेव्हापासून माझं सगळं तीच.

सुट्टी संपवून मुली परतताहेत. जिन्यात बॅगाच बॅगा, आणि कोण बारीक झाली, कुणी केस कापले, याचा नुसता कलकलाट. बाहेर पावसानं झाडं हिरवीगार झालीत. चिमणीची खोली वरच्या मजल्यावर, शेवटची. दाराजवळची खाट तिच्या चष्मेवाल्या मैत्रिणीची, तिला मी चष्मिस म्हणते; भिंतीची चिमणीची. खिडकीजवळची रिकामी, पण चादर कशी ताठ घातलेली. ही कधी येणार, असं विचारते आहे तोच खाली घंटा झाली आणि उत्तर राहूनच गेलं.

३ सप्टेंबर

इथे दिवेलागणीला, जेवणाआधी, हजेरी असते. बाई (म्हणजे वसतिगृहाच्या मुख्य) नावं नाही घेत. खोली सांगतात, मग खाट. ‘भिंतीची?’ की चिमणी म्हणते, ‘आहे!’ ‘खिडकीची?’ म्हटलं की कुणीच ओ देत नाही. बाई थोड्या थांबतात, मुली ताटात बघतात, मग हजेरी पुढे सरकते. पोर कुठे अडकली असेल, आणि इकडे तिची जागा जायची!

आज चष्मिस वाचनालयात रमली, तर चिमणीनं नाक दाबून तिच्या आवाजात ओ दिली. नंतर मला म्हणते, आजी, याला प्रॉक्सी म्हणतात, याच्याशिवाय कुणी पदवीधर होत नाही. मी एवढी हसले की हातातला बटाटा निसटून बादलीत.

४ सप्टेंबर

मीसुद्धा प्रॉक्सी दिली! वाढायला उभी होते. ‘खिडकीची?’ झालं, आणि मी पदर तोंडावर घेऊन बारीक आवाजात म्हटलं, ‘आहे!’

वाटलं, पोरी खिदळतील. एकही हसली नाही. बाईंच्या हातातली पेन्सिल पडली. चिमणी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला थोबाडीत मारली.

५ सप्टेंबर

बाईंनी बोलावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खिडकीची मुलगी मागच्या सत्रात सुट्टीला निघाली ती वाटेतच अपघातात गेली, म्हणाल्या. पण सत्र सुरू झालं की ती परत येते. म्हणून रोज तिची खाट पुकारायची आणि कुणी ओ द्यायची नाही. तेवढ्यानं तिला कळतं की आपण आता इथे नाही, आणि निघून जाते. नव्या माणसाला हे आधीच सांगायला हवं होतं, चुकलं, असं त्याच म्हणाल्या.

त्यांचं कसलं चुकलं? तोंड माझं.

चिमणीची माफी मागितली. म्हणाली, जाऊ दे गं आजी. पण जेवली नाही.

८ सप्टेंबर

आज ‘खिडकीची?’ म्हटल्यावर ओ आली. माझ्या आवाजात. माझे ओठ मिटलेले होते, हातात आमटीचा डाव होता. आचाऱ्यानं पाहिलं, तो साक्षीला आहे.

वर जाऊन बघितलं. त्या खाटेची चादर चुरगळलेली.

११ सप्टेंबर

‘भिंतीची?’ म्हटलं. चिमणीनं तोंड उघडलं, त्याआधीच माझ्या आवाजात, ‘आहे!’ बाईंनी खूण केली आणि पुढे गेल्या. चिमणी दोनदा ओरडली, आहे, मी आहे! शेजारच्या मुलीनं तिच्या अंगावरून हात लांब करून मीठ घेतलं.

माझ्या हौसेनं हे केलं. लेकराच्या जिवावर उठलेली म्हातारी मी.

१२ सप्टेंबर

चष्मिसला विचारलं, चिमणी कुठे? ती म्हणाली, कोण चिमणी? आमच्या खोलीत मी आणि खिडकीची, दोघीच तर आहोत.

आणि मी — हे लिहायला हात होत नाही — आज मीच तिचं ताट वाढलं नाही. विसरले. ती समोर उभी होती.

१३ सप्टेंबर

बाईंचे पाय धरले. त्यांनाही चिमणी आठवेना, पण ऐकून घेतलं. म्हणाल्या, तिला तुमचा आवाज मिळालाय, आता ती हळूहळू जागा घेतेय. आवाज तुमचा, तेव्हा परत घ्याल तर तुम्हीच. कसा, विचारलं. ज्याची ओ त्याची खाट, एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या.

समजलं. तिच्या खाटेवर मी बसायचं, म्हणजे ती चिमणीची ओ सोडून वर येईल; आणि तिच्या आधी ओ मी द्यायची, म्हणजे ती खाट माझी.

१४ सप्टेंबर

चिमणीची वेणी घातली. केस हातात दिसत होते, लागत नव्हते. तिला खाली पाठवलं, म्हटलं ओ दे, मोठ्यानं दे. मी कुठे असेन ते सांगितलं नाही.

खिडकीच्या खाटेवर बसले आहे. पाठीमागे कुणीतरी सरकून जागा दिली — बघत नाही — गार आहे —

खाली हजेरी सुरू झाली. दाराची. चष्मिसची ओ.

भिंतीची —

‘आहे!’

चिमणी! माझ्या चिमणीचाच आवाज, खणखणीत! ऐकलं मी. अगं बाई, ऐकलं —

आता खिडकीची म्हणतायत. कानाशी कुणीतरी श्वास घेतंय, बोलायला. तिच्या आधी मला —

आहे. मी आ