देवाला न उचलवणारा दगड

खंडेनवमी, संध्याकाळ. निगडी.

नारळ अजून टेबलावर तसाच पडलाय.

सकाळी कुरुळीला मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या पूजेला गेलो होतो. क्रेनला झेंडूचा हार. क्रेन चालवणारे दत्ताभाऊ दरवर्षी पहिला नारळ फोडतात. हात जोडून म्हणाले, "देवाला काय अशक्य हाय?"

माझी जीभ वळवळली. "मग स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड देव करू शकेल का, भाऊ? केला तर उचलता येत नाही, नाही केला तर करता येत नाही. देव दोन्हीकडून अडकला!"

सगळे खिदळले. कुणीतरी ओरडलं, "राव, देवाला आपली क्रेन भाड्यानं द्या!" सगळ्यात जास्त मीच हसलो. स्वतःच्या विनोदांना दाद देण्यात मी नेहमीच दिलदार असतो.

दत्ताभाऊ हसले नाहीत. त्यांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय. रोज शिफ्टला येण्याआधी ते तिला उचलून न्हाऊ घालतात. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. विनोद सुचला तेव्हा आठवलं नाही, एवढंच.

"दाजी, तिला उचलताना वाटायचं, दुसऱ्या बाजूनं त्यानं धरलंय," ते म्हणाले. "आता उद्या तुमचा दगड आठवंल." नारळ माझ्या हातात ठेवला. "तुमीच फोडा."

मला फोडवला नाही. पिशवीत घालून घरी आणला.

तर्क बिनचूक होता. अजूनही आहे. पण उद्या सकाळी दत्ताभाऊ तिला एकटेच उचलतील, आणि आजवर ते एकटे नव्हते.